पायात काय होतं?

"पडलात तेव्हा पायात काय होतं?"

फिजिओथेरपीच्या मुलीनं हे विचारलं, तेव्हा आईच्या मनगटाचं प्लास्टर निघून चार दिवस झाले होते. त्याआधीच्या सहा आठवड्यांत लोकांनी आम्हाला सगळं विचारून झालं होतं. चक्कर आली का, डोळ्यांपुढं अंधारी आली का, बीपीची गोळी चुकली होती का, पायरी ओली होती का, लाइट होती का. शेजारच्या काकूंनी उपास होता का तेही विचारलं, कारण वार शुक्रवार होता. आईचं सगळ्यांना एकच उत्तर. "पडलो कुठं, बसलो खाली. तोल गेला जरा." तोल गेला म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. 76 वर्षांच्या बाईचा तोल जायचाच, असं सगळ्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं. पायात काय होतं, हे नातेवाइकांनी विचारलं नाही, हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनीही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला विचारायची गरजच नव्हती, मला ते माहीत होतं.

माझी चप्पल होती.

फोन आला तेव्हा मी पुण्यात होते. कोल्हापूरला पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले. बोळातून आमच्या सोप्यात यायला काळ्या दगडाच्या पाच पायऱ्या चढाव्या लागतात. रिक्षाच्या उजेडात मला तिसऱ्या पायरीवर एक चप्पल दिसली. उलटी पडलेली नव्हती, कलंडलेली नव्हती. पुढचं टोक दाराकडं करून नीट ठेवल्यासारखी होती. अंबाबाईच्या देवळाबाहेर आपण काढून ठेवतो तशी. गडबडीत ती तिथंच राहून गेली होती. दुसरी आईच्या पायात होती, ती दवाखान्यात तिच्या कॉटखाली सापडली. मी तिसऱ्या पायरीवरची चप्पल उचलली आणि कडेला ठेवली. तेव्हा काही सुचलं नाही. पण पुढचे सहा आठवडे, आईची वेणी घालताना, तिला भात कालवून देताना, ती चप्पल डोळ्यांसमोर यायची. आई त्या चपलेतून चालत बाहेर गेली होती. पाय चौथ्या पायरीकडं निघाला होता आणि चप्पल मागं राहिली होती.

ती चप्पल मी ऑफिसला जायला घेतली होती. 7 नंबरची, बदामी रंगाची, पुढं रुंद पट्टा, मागं काही नाही. दोन वर्षांत रंग गेला, मी टाकून द्यायला काढली, तर आईनं हातातून घेतली. "सोल बघ की कसला आहे. देवळात जायला होईल मला." देवळात जायची चप्पल प्रत्येक घरात असते. गेली तरी चालेल अशी ती चप्पल, म्हणजे देवीपुढं उभं राहिल्यावर लक्ष बाहेरच्या स्टँडकडं जात नाही. माझ्या दोन जुन्या साड्या, एक स्वेटर, एक पर्स आणि ही चप्पल. लेकीच्या वस्तू वापरण्यात आईला एक सुख होतं. बायकांना ती अभिमानानं सांगायची, आमच्या पोरीची आहे. त्या सुखावर मी कधी शंका घेतली नाही.

त्या फिजिओथेरपीच्या मुलीचं वय असेल पंचवीस-सव्वीस. माझं उत्तर ऐकून ती काही बोलली नाही. कपाटातून तिनं ब्राउन पेपर काढला, फरशीवर अंथरला आणि आईला अनवाणी त्यावर उभं केलं. "दोन्ही पायांवर सारखा भार द्या, आजी. माप बसून घ्यायचं नाही, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं." मग खाली बसून, पेन्सिल अगदी सरळ धरून, तिनं ती पावलाच्या कडेकडेनं फिरवायला घेतली. टाचेपासून सुरुवात केली. टाचेला भेगा, त्यात कोकमाचं तेल लावल्याचे पिवळट डाग. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, तिथं पेन्सिलीला वळसा घालून जावं लागलं. अंगठा आत कलंडून शेजारच्या बोटावर रेललेला. त्या बोटाच्या मुळाशी जोडव्याची खाच. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, जोडवी उतरूनही तेवढीच झाली, पण ती खाच काही भरून आलेली नाही. आईनं बोटं आखडली. मुलीनं वर बघितलं, "गुदगुल्या होतात का?" आई म्हणाली, "नाही गं. असं पाय धरून कुणी बघितलं नव्हतं कधी."

आमच्याकडं गौरी येतात तेव्हा दारापासून देवघरापर्यंत पावलं काढायचं काम लहानपणापासून माझं. "गौरी कशाच्या पावलानं आली?" "सोन्याच्या पावलानं आली." रांगोळीच्या पिठात मूठ बुडवून टेकवायची, वर पाच बोटं उमटवायची. चाळीसेक वर्षं मी ती पावलं काढली. आईचं पाऊल कागदावर पहिल्यांदा बघितलं.

कात्रीनं तो आकार कापून मुलीनं माझ्या चपलेवर ठेवला. टाचेमागं बोटभर चप्पल रिकामी राहिली. पुढं अंगठ्याच्या हाडापाशी मात्र कागद चपलेच्या कडेबाहेर आला. म्हणजे तीच चप्पल लांबीला सैल आणि नेमकी दुखऱ्या जागी घट्ट. हाड दाबलं जाऊ नये म्हणून आई पाऊल आतल्या बाजूला सरकवून, अर्धवट घालून चालत असणार. "आजी, तुमचा नंबर काय?" आई लगेच म्हणाली, "चार." हा लग्नातला नंबर. मोजलं तर 5 भरला, उजवा पाय त्याहून जरासा मोठा. वयाबरोबर पावलातले सांध्यांचे बंध सैल होतात, कमान खाली बसते, पाऊल लांबही होतं आणि पसरतंही. उंची कमी होते हे आपल्याला दिसतं, पाऊल वाढलेलं दिसत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा नंबर आई दुकानात सांगत राहिली, तो चावत राहिला, आणि शेवटी तिनं ठरवून टाकलं की आपल्या पायाला मापाची चप्पल सोसत नाही, सैलच बरी. माझी चप्पल तिला बरी वाटली ती एवढ्यासाठी. तिचं स्वतःचं खरं माप तिच्या पायात कधी आलंच नव्हतं.

मग त्या मुलीनं नायलॉनचा एक दोरा काढला. फिशिंगच्या दोऱ्यासारखा, प्लास्टिकच्या दांडीला बसवलेला. तो त्वचेवर टेकवून दाबला की 10 ग्रॅमच्या जोराला वाकतो. आईनं डोळे मिटायचे आणि जाणवलं की "हां" म्हणायचं. मी बाजूच्या स्टुलावर बसून बघत होते. पायाच्या वरच्या बाजूला टेकवला, आई म्हणाली, "हां." तळव्याच्या मधोमध टेकवला, जरा थांबून "हां". अंगठ्याखाली टेकवला. दोरा वाकला. आई गप्प. चवड्यावर टेकवला, दोरा पुन्हा वाकला. आई डोळे मिटून, चेहरा शांत ठेवून वाट बघत होती. तिच्या लेखी अजून काही झालंच नव्हतं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आई, लागलाय गं दोरा, म्हण की "हां".

आईला साखर आहे, म्हणजे मधुमेह, त्याला 18 वर्षं झाली, आणि साखरेनं तळव्यांची जाणीव अशी हळूहळू जाऊ शकते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, वर्षातून एकदा डोळे तपासतो. पायांना कुणी हात लावला नव्हता. मुलीनं विचारलं, "आजी, चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि तुम्हाला कळतच नाही, असं होतं का?"

"होतंय की."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष. बोळातली पोरं आणून देतात. आजी, तुमची चप्पल, म्हणत." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "त्यात काय सांगायचं? तू उगंच काळजी करत बसतीस."

त्या दिवसापासून रिक्षात, जेवताना, झोपताना मला ती पोरं दिसतात. आई पुढं चालली आहे, एका पायात चप्पल आहे, एका पायात नाही, तिला पत्ता नाही, आणि मागून कुणीतरी सात-आठ वर्षांचा पोरगा चप्पल घेऊन पळत येतोय. दीड वर्ष रोज आम्ही फोनवर बोलत होतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, पाऊस आहे का.

आपण उभे राहतो ते तीन आधारांवर, हे मला त्या मुलीनं समजावलं. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि तळव्यांकडून, घोट्यांकडून मेंदूला मिळणारी खबर. मोतीबिंदू काढून डोळे सुधारता येतात. तळव्याची गेलेली खबर मात्र सहसा परत मिळत नाही. मग मेंदूला उरलेली खबर जितकी स्पष्ट पोचेल तितकं बरं, आणि तिथं चप्पल मधे येते. पायाला धरून राहणारी चप्पल असेल तर पाय कुठं आहे ते मेंदूला कळतं. मागून मोकळी असेल तर बोटांनी ती घट्ट पकडून ठेवावी लागते. बोटं त्यात गुंतली की पाऊल उचलायचं राहून जातं, माणूस घासत चालतो, पावलं आखूड होतात. आईच्या चालीला आम्ही म्हातारपणाची चाल म्हणत होतो. त्यातली काही चाल चपलेची होती.

रात्री ती कागदाची पावलं टेबलावर ठेवून मी फूटपट्टीनं मोजत बसले. आपल्याकडचे नंबर इंग्लंडच्या मापाचे, एका नंबरचं अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण साडेआठ मिलीमीटर. 5 आणि 7 मधला फरक 17 मिलीमीटर. आणि वाचताना कळलं की सपाट जमिनीवर चालताना माणसाचा पाय पुढं जातो तेव्हा बोटं जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटीमीटर वर असतात. प्रत्येक पावलाला, आयुष्यभर, सगळ्यांचीच. एवढ्याशा फटीतून आपण सगळे चालत असतो. त्या फटीत मी माझ्या आईला 17 मिलीमीटर जास्तीचे दिले होते.

त्या रात्री आणि पुढच्या काही रात्री मी बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी पडून 6 लाख 84 हजार माणसं जातात, त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. आकडा वाचून काही झालं नाही मला, आकडे असे असतातच. थांबले ते दुसऱ्या एका गोष्टीपाशी. मेलबर्नमध्ये पाय दुखणाऱ्या 305 म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास झाला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या लोकांना पायाची नेहमीची देखभाल मिळाली. बाकीच्यांना तीच देखभाल, शिवाय पायांचे आणि घोट्यांचे व्यायाम, बुटात घालायचे तळ, चपला-बुटांबद्दल सल्ला आणि नवे बूट घ्यायला पैशांची थोडी मदत. वर्षभरात या दुसऱ्या लोकांचं पडणं 36 टक्क्यांनी कमी झालं. यात मोठं ऑपरेशन नाही, महागडं औषध नाही. कुणीतरी त्यांच्या पायांकडं बघितलं. मला रडू आलं, ते आईसाठी आलं की त्या लांबच्या अनोळखी म्हाताऱ्यांसाठी, सांगता येणार नाही.

कागदाची पावलं पर्समध्ये घालून मी एका मोठ्या दुकानात गेले. आईही बरोबर होती, संध्याकाळी मुद्दाम, कारण दिवसभरानं पाय सुजतात आणि माप तेव्हाच घ्यायचं. दुकानातल्या माणसानं आईकडं बघूनच एक जोड पुढं केला. जाडजूड, गुबगुबीत, दाबला की बोट आत रुतेल असा. "म्हाताऱ्या माणसांना हेच चालतं, मॅडम. एक नंबर मोठाच देतो, सैल बरं पडतं." आईनं पाय घातला आणि तिचा चेहरा उजळला. "गादीच आहे गं." मलाही तोच घ्यावासा वाटला. आईला काही मऊ मिळतंय यापुढं मला सगळं खोटं वाटायला लागतं. पण ती मुलगी निक्षून सांगून गेली होती की मऊ जाड तळ म्हणजे जमिनीची खबर आणखी पुसट. माँट्रियलमध्ये 1992 साली वेगवेगळ्या तळांचे बूट घालून माणसांना चालवून बघितलं होतं, पातळ आणि कडक तळावर तोल सगळ्यात चांगला राहिला, जाड आणि मऊ तळावर सगळ्यात वाईट. अंगाला जे सुखाचं लागतं तेच तोलाला नडतं, हे आईला दुकानात कसं समजावणार? मी तिच्या हातातून तो जोड काढून घेतला आणि ती लहान मुलीसारखी गप्प झाली.

तिथं मला आमचे जूनमधले बूट आठवले. शाळा सुरू होताना काळे बूट यायचे ते एक नंबर मोठे, वाढत्या पायाचे. पुढं कापूस कोंबायचा. मापाला येईपर्यंत ते फाटायचे. आणि बाबांचं पायताण आठवलं. ते चप्पल लाइनमधून तयार घेत नसत, कापशीच्या एका कारागिराकडून करून घेत. कारागीर बाबांचा पाय कागदावर उभा करून पेन्सिल फिरवायचा, अंगठ्याची जाडी दोऱ्यानं मोजायचा. खिळा नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची. नवी चप्पल आली की बाबा तिला तेल पाजायचे आणि मग ती करकरत सोप्यातून जायची. आईची चप्पल मात्र बाजारातून येता येता, भाजीच्या पिशवीतून यायची. तिचा पाय कुणी कागदावर उभा केला नाही. तेव्हा मला ते दिसलं नव्हतं, बाबांनाही दिसलं नसणार. त्यांचा राग येत नाही मला, पण आठवण आता पूर्वीसारखी निखळ गोड लागत नाही.

चार दुकानं फिरून शेवटी एक सँडल मिळाली. टाचेला मागून कडक आधार, टाच बुटकी, पुढं ऐसपैस, तळ पातळ पण खरखरीत, आणि दोन वेलक्रोचे पट्टे. हातात धरून वाकवली तर चवड्यापाशी वाकते, मधून दुमडत नाही. आतमध्ये कागदाचं पाऊल घातलं, नीट बसलं, पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली. आईनं किंमत वाचली. "एवढ्याची? आणि मी आता चालणार किती?" या वाक्याला मी दुकानात काही उत्तर दिलं नाही. बिल दिलं. मागचा पट्टा संध्याकाळी घोट्याला जरा काचत होता, म्हणून कोपऱ्यावर बसणाऱ्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडं गेलो. त्यांनी रापीनं टाके उसवले, पट्टा पाऊण बोट पुढं घेतला, आरीनं पुन्हा शिवला. मग आईचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन पट्टा लावला आणि टाचेत करंगळी घालून बघितली. "चाला आजी." आई चालली, वळली, परत आली. "आता कुत्रं मागं लागलं तरी पायात राहील," ते म्हणाले.

घरात काय घालायचं, यावर मात्र आमचा वाद अजून मिटलेला नाही. 2004 साली अमेरिकेत सिअॅटलच्या बाजूला झालेल्या अभ्यासात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर चालणारी म्हातारी माणसं जास्त पडलेली दिसली, सगळ्यात कमी पडली ती खेळाचे बूट घालणारी. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडं देवघर असतंय का?" मला तिचं पटतं. आयुष्यभर बूट घालून घरात फिरणाऱ्यांचा पाय आणि आयुष्यभर शहाबादी फरशीवर अनवाणी फिरलेल्या आईचा पाय एकच नव्हे. पण सोप्यात आता शहाबादी राहिली नाही, मीच हौसेनं गुळगुळीत टाइल्स बसवून घेतल्या, आणि अंगठ्याखालचा तो वाकलेला दोरा मला विसरता येत नाही. सध्याचा तह असा आहे की घरात वापरायला वेगळी, मागून पट्ट्याची, फक्त घरातली हलकी सँडल. देवघराच्या उंबऱ्याशी ती निघते. तिथं मी भिंतीला धरायला एक कठडा बसवून घेतला आहे आणि शेजारी एक स्टूल ठेवलं आहे. आई स्टुलावर बसते, पट्टे सोडते, कठड्याला धरून आत जाते. रोज तीन-चार वेळा. या सगळ्याला तिला लागणारा वेळ बघवत नाही कधीकधी, आणि तरी मी बघत उभी राहते.

जुनी चप्पल मी टाकायला निघाले तर तिनं टाकू दिली नाही. "तुझी आहे ती," म्हणाली. ट्रंकेत ठेवली आहे, बाबांच्या पायताणाशेजारी.

आता एक वेगळंच होतंय. आमच्या घरात आई आली हे चपलेच्या आवाजावरून कळायचं. फट् फट्, फट् फट्, स्वयंपाकघरातून परसात, परसातून सोप्यात. मी दहावीचा अभ्यास त्या आवाजात केला आहे. रात्री माहेरी झोपल्यावर तो आवाज यायला लागला की सकाळ झाली असं समजायचं आणि कूस बदलायची. नव्या सँडलला आवाज नाही. परवा मी सोप्यात कपड्यांच्या घड्या घालत होते, खांद्यावर हात पडला आणि मी दचकले. आई चहाचा कप घेऊन मागं उभी होती, कधी आली कळलंच नाही. कपात चहा काठोकाठ होता. बशीत एक थेंब सांडला नव्हता.